नांगर कुठवर पोचतो?

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या सपाट प्रदेशात, म्हणजे अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबा या तीन प्रांतांत, मे महिन्यात कॅनोलाची पेरणी होते. कॅनोला हे आपल्या मोहरीच्याच कुळातलं पीक. मॅनिटोबा विद्यापीठातले बाल्डर स्टेफान्सन आणि सास्काटूनचे कीथ डाउनी यांनी रेपसीडच्या तेलातलं इरुसिक आम्ल आणि पेंडीतली तिखट द्रव्यं निवडीने कमी करत आणली. १९७४ मध्ये या दोन्ही गुणांचा पहिला वाण निघाला आणि आज कॅनडात हे पीक ८० लाख हेक्टरांहून जास्त क्षेत्रावर असतं. इतक्या पसाऱ्यावर तेच पीक वर्ष-दोन वर्षांनी त्याच जमिनीत येत राहिलं, तर त्यावर पोसणाऱ्या किडींना आणखी काय हवं?

पुढचा वाद दोघांचा आहे. काका अकोला जिल्ह्यातले, कापूस-तूर-सोयाबीन पिकवण्यात जन्म गेलेले. पुतणी मध्य अल्बर्टात शेतकऱ्यांना पीकसल्ला देते. काका तिच्याकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यासोबत एका शेतावर गेले. तिथे नांगरटीवरून दोघांची जी जुंपली ती घरी परतल्यावरही चालूच राहिली. मी ती ऐकली आहे. दोघंही आपापल्या जमिनीवर पाय रोवून बोलत होते, म्हणून ती मांडावीशी वाटते.

काका : अगं, हे शेत आहे की पडीक? मागच्या वर्षीच्या गव्हाची धसकटं तशीच उभी आहेत आणि त्यातच चीर पाडून बी टाकलंय. जमीन उलटलीच नाही. आमच्या गावात असं शेत दिसलं तर मालकाला बरं नाही का, म्हणून लोक घरी चौकशीला जातील.

पुतणी : इथे उलटं आहे, काका. मे महिन्यात नांगरून उघडी पडलेली जमीन दिसली की शेजारी नाराज होतात. १९३० च्या दशकात इथे दुष्काळ पडला, आणि नांगरून मोकळी ठेवलेली माती वाऱ्याने उचलून नेली. कुंपणं मातीत बुडाली, लोक घरंदारं सोडून गेले. ती आठवण इथल्या घराघरांत आहे. पुढे एका फेरीत बी आणि खत पेरणारी यंत्रं आली, तणनाशकं आली, आणि लोकांनी नांगर शेडमध्ये लावून टाकला. २०११ च्या कृषिगणनेत कॅनडातली अर्ध्याहून जास्त पेरणी बिनानांगरटीची होती.

काका : मातीचं मला कळतं. आपल्याकडेही नेरळचे चंद्रशेखर भडसावळे न नांगरता भात घ्यायला शिकवतात, मी त्यांचं वाचलंय. मी किडीचं विचारतोय. उन्हाळ्यात खोल नांगरट केली की घाटेअळीचे कोष वर येतात, उन्हात करपतात, बगळे नांगरामागे चालत ते वेचतात. हे मी दरवर्षी डोळ्यांनी बघतो. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने आख्ख्या विदर्भाचा कापूस खाल्ला. का? लोकांनी फरदड घेतली, म्हणजे तोच कापूस पुढे उभा ठेवला, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचून ठेवल्या. एकाचा आळस गावाला भोवतो. तुमची ही धसकटं म्हणजे किडीला बांधून दिलेली धर्मशाळा.

पुतणी : कुठल्या किडीला?

काका : कुठल्याही.

पुतणी : इथेच आपलं जुळत नाही. तुमची घाटेअळी तुमच्याच शेतात, तुमच्याच मातीत कोषात जाते, म्हणून तुमचा नांगर तिच्यापर्यंत पोचतो. इथे आमचा सगळ्यात मोठा शत्रू या शेतात झोपतच नाही.

तिने वाकून एक रोप उपटलं आणि काकांच्या तळहातावर ठेवलं. जमिनीतून वर येऊन आठवडाही झाला नसेल. बीजातून निघालेली दोन जाड दलपत्रं, करंगळीच्या नखाएवढी. त्यांवर सुई टोचावी तशी बारीक गोल भोकं, काही आरपार, काही वरचं हिरवं खरवडून खाली पांढुरकी चकती राहिलेली. पानाच्या कडेला दोन-तीन मिलिमीटरचा, निळसर झाक असलेला काळा भुंगेरा बसला होता. काकांनी बोट जवळ नेलं आणि तो टुणकन उडून दिसेनासा झाला.

काका : उडद्या! द्राक्षवाल्यांकडे असतो तो.

पुतणी : नाव तेच, जात वेगळी. इथे दोन आहेत, एक हा काळा, दुसरा पाठीवर दोन पिवळे पट्टे असलेला. दोन्ही युरोप-आशियाकडून आलेले. हिवाळा ते प्रौढ अवस्थेतच काढतात, आणि तो बहुतेक शेताबाहेर. वाऱ्याला अडवायला लावलेल्या झाडांच्या रांगा आहेत ना, त्यांच्याखालच्या पालापाचोळ्यात, बांधावरच्या गवतात. पारा १५ अंशांच्या आसपास गेला की बाहेर पडतात, गार हवेत चालत येतात, ऊन तापलं की उडत. येतात तेव्हा शेतात नेमकी ही दोन पानं असतात. वाढीचा कोंब या दोन पानांच्या मधे उघडाच असतो, तो खाल्ला की रोप गेलं. तीन-चार पानांवर आलेलं रोप मात्र त्यांना पुरून उरतं. म्हणजे सगळा खेळ पहिल्या तीन आठवड्यांचा. आता सांगा, शेत नांगरून मी याचं काय बिघडवणार?

काका : बिघडणार नाही, मान्य. पण नांगरल्याने तोटा तरी काय?

पुतणी : तोटा आहे. लॉइड डॉस्डल म्हणून इथले मोठे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मध्य अल्बर्टात नांगरट, दोन ओळींतलं अंतर आणि बियाण्याचं प्रमाण, तिन्ही एकत्र तपासलं. १९९९ मध्ये ते छापून आलं. नांगरलेल्या तुकड्यांत उडद्याने जास्त खाल्लं, बिनानांगरटीच्या तुकड्यांत कमी. उडद्याला तापलेली, कोरडी, उघडी जमीन आवडते. धसकटांत सावली असते, गारवा असतो, ओल असते. तिथे त्याचं मन रमत नाही.

काका : म्हणजे जमीन गार राहते. मग बी उगवायला वेळ लागत असेल, रोपही रांगत रांगत वाढत असेल. तूच म्हणालीस, तीन आठवडे निभले की झालं. थंड जमिनीत त्या तीन आठवड्यांचे चार होत असतील तर उडद्याला पंगतच मिळाली की.

पुतणी : हे बरोबर बोललात. वसंतात गारठा रेंगाळला की धसकटातलं रोप खरंच खोळंबतं, आणि तेव्हा मलाही शेतकऱ्याला तोंड द्यावं लागतं. पण त्या प्रयोगांत शेवटी निकाल धसकटांच्या बाजूने लागला. शिवाय रोपांना वेग द्यायचे दुसरे रस्ते आहेत, नांगरावाचूनचे.

त्यातला पहिला रस्ता बियाण्याचा. भरलेलं, टपोरं बी पेरलं तर रोप ठणठणीत येतं आणि तेवढंच खाल्लं गेलं तरी लवकर सावरतं. सास्काटूनच्या संशोधकांनी हे दाखवलं आहे. काकांना यात नवल वाटलं नाही, चाळणीने बी निवडण्यात त्यांच्या आईचा हात कुणी धरत नसे. बी अर्धा ते एक इंचाहून खोल पडू द्यायचं नाही, यावरही एकमत झालं. गाडी अडली ती दाटीवर.

काका : इतकं दाट? आम्ही विरळ पेरतो, प्रत्येक झाडाला पोट भरून खायला मिळतं. शिवाय हे संकरित बी किती महाग! कशाला ओतायचं?

पुतणी : महाग आहे म्हणूनच लोक हात आखडता घेतात, आणि तिथेच फसतात. चौरस मीटरला ५० ते ८० रोपं हवीत. आता हिशोब करा. बांधावरून यायचे तेवढेच भुंगेरे येणार. रोपं थोडी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला भुंगेरे जास्त. रोपं दुप्पट केली तर घाव वाटला जातो. डॉस्डल यांच्या प्रयोगात बियाणं वाढवलं तसं उडद्याचं खाणं कमी होत गेलं, ओळींतलं अंतर वाढवलं तरी कमी झालं, कारण तेवढंच बी ओळीत दाटीने पडतं. आणि दाटीचा फायदा एवढ्यावरच थांबत नाही, मूळमाशीलाही ती आवडत नाही.

काका : मूळमाशी? आता ही कुठे झोपते?

पुतणी : (थोडं थांबून) शेतात. जमिनीत. मागच्या कॅनोलाच्या मुळांपाशी, कोषात.

काका : मग एवढा वेळ लपवून का ठेवलंस?

ही मूळमाशी मध्य अल्बर्टातलं जुनं दुखणं आहे. घरमाशीहून थोडी लहान, राखी रंगाची. कोषातून मे-जूनमध्ये बाहेर पडते, रोपाच्या बुडाशी मातीत पांढरी अंडी घालते. पाय नसलेल्या अळ्या सोटमूळ वरून पोखरतात आणि आत शिरतात. झाड वरून हिरवंच दिसतं, फुलतंही. उपटून मूळ धुतलं की तपकिरी चर दिसतात, आणि त्या जखमांतून बुरशी आत गेलेली असते. उभ्या पिकात फवारून या अळीपर्यंत काही पोचत नाही. त्यामुळे इथे मशागत आणि पेरणी हीच शेतकऱ्याच्या हातातली साधनं.

पुतणी : डॉस्डल यांनीच १९९६ मध्ये दाखवलं की नांगरट केली की त्या जमिनीतून बाहेर पडणाऱ्या माश्या कमी होतात. तुमचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

काका : मग?

पुतणी : मग ती माशी उडते, काका. मी माझ्या शेतातल्या माश्या नांगराने मारल्या आणि रस्त्यापलीकडे मागच्या वर्षी कॅनोला होता, तर जूनमध्ये तिकडच्या माश्या माझ्याकडे अंडी घालणार. माती गेली माझी, आणि मुळं पोखरलेलीच.

काका : अगं, हेच तर मी मघापासून सांगतोय! फरदडीचंही हेच होतं. एकाने करून भागत नाही, शिवाराने करायचं असतं. आमच्याकडे बोंडअळी आली तेव्हा ग्रामसभा घेतल्या, दवंडी पिटली, पऱ्हाट्या उपटायची तारीख ठरवली. तुम्हाला शिवार मिळून ठरवायची सवयच उरली नाही, म्हणून नांगर निरुपयोगी वाटतो.

पुतणी : शिवार मिळून नांगरायचं म्हणजे हजारो हेक्टर माती एकाच वसंतात उघडी. तीस सालची गोष्ट पुन्हा. आणि त्याच मातीत माझे मित्रही आहेत. एक काळपट, आखूड पंखांचा भुंगेरा आहे, आलिओकारा. प्रौढ भुंगेरा मूळमाशीची अंडी आणि अळ्या खातो, आणि त्याची पिल्लं माशीच्या कोषात शिरून तिला आतून संपवतात. हिवाळाही ती त्याच कोषात काढतात. तुम्ही कोष उलथलात की माशी मरते, आणि तिला मारणाराही मरतो.

काका यावर गप्प बसले, पण हरले म्हणून नाही. शिवाराने एकत्र ठरवण्याचा त्यांचा मुद्दा मला या सगळ्या वादात वजनदार वाटतो, आणि पुतणीने त्याला नीट उत्तर दिलं असं मला वाटत नाही. तो नांगराला लागू पडत नसेल, पण पीकफेरपालटीला तंतोतंत लागू पडतो. मागच्या वर्षीच्या कॅनोलाशेजारीच यंदाचा कॅनोला आला, तर आपलं शेत कितीही शहाणपणाने पेरलं तरी किडीला फक्त रस्ता ओलांडायचा असतो.

दाटीचा आणि मूळमाशीचा संबंध तिने नंतर उलगडला. माशी अंडी घालायला जाड बुडखा शोधते. दाट पिकात झाडं एकमेकांना रेटतात, बुडखे बारीक राहतात, माशीला ते पसंत पडत नाहीत. विरळ शेतातलं एकेक गलेलठ्ठ झाड मात्र तिला आमंत्रणच. काकांनी मान हलवली. पण पुढचं ऐकून ते उठूनच उभे राहिले.

पुतणी : आणखी एक आहे, ते तुम्हाला रुचणार नाही. तण लवकर काढलं, रोप दोन पानांवर असतानाच, तर मूळमाशीचं नुकसान वाढतं. चार पानांपर्यंत थांबून काढलं तर कमी होतं.

काका : तण ठेवायचं? पोरी, डवऱ्याचे फेर मोजून माणसाची किंमत ठरते आमच्याकडे!

पुतणी : माशीच्या बाजूने बघा. इंग्लंडमध्ये वेल्सबर्नच्या केंद्रात स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलिअर यांनी कोबीवरच्या मूळमाशीचा अभ्यास केला. माशी वासाने शेतावर येते, पण उतरते ती नुसती हिरवं दिसेल त्यावर. उतरली की पायांनी पान चाखते. मोहरीच्या कुळाचं असेल तर एक खूण पटली. पण एवढ्याने ती अंडी घालत नाही. थोडं उडून पुन्हा उतरते, पुन्हा चाखते. लागोपाठ काही वेळा योग्य पान मिळालं तरच खाली मातीत जाऊन अंडी घालते. उघड्या काळ्या जमिनीत फक्त कॅनोलाच हिरवा असतो, तिचं प्रत्येक पाऊल बरोबर पडतं. मधे तण असलं की चौथ्या वेळी ती भलत्याच पानावर उतरते आणि सगळं मुळापासून सुरू. कंटाळून निघून जाते.

काका : मग धसकटांनीही हेच होत असेल.

पुतणी : धसकटं वाळकी, तपकिरी. त्यांवर ती उतरत नाही. हिरवंच हवं. म्हणून इथे गहू आणि कॅनोला मिसळून पेरायचे प्रयोग झाले. गव्हाचा वाटा वाढला तसं मुळांचं नुकसान उतरलं.

काका : आणि तणाने पीक किती खाल्लं ते कोण मोजणार?

पुतणी : मोजलंय. तण लवकर काढलेलंच उत्पन्नाला बरं पडतं. म्हणून मी कुणाला तण राखायला सांगत नाही. पण जमीन आरशासारखी लख्ख करण्यात किडीच्या दृष्टीने पुण्य नाही, एवढं मला त्यातून कळलं.

मोहरीवर भारतात काम करणाऱ्यांना अशी ओढाताण नवी नाही. राजस्थानात ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेली मोहरी जानेवारी-फेब्रुवारीत माव्याचा जोर वाढेपर्यंत पुढे निघून जाते. पण त्याहून लवकर, सप्टेंबरातच पेरली तर उन्हाच्या तडाख्यात रंगीत ढेकूण कोवळी रोपं शोषून घेतो. अल्बर्टातही पेरणीची तारीख अशीच दुधारी आहे. नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या तोंडावर बी पेरून ठेवलं तर ते बर्फाखाली निपचित राहतं, बर्फ वितळताच उगवतं, आणि उडद्या येतो तेव्हा रोप खऱ्या पानांवर आलेलं असतं. नुकसान स्पष्ट कमी होतं. मात्र मधेच दोन दिवस उबदार गेले, बी फसलं आणि पुन्हा थंडी पडली, तर शेत रिकामं. शेतकरी तो जुगार सहसा खेळत नाहीत. शिवाय लवकर पेरलेलं शेत लवकर फुलतं, आणि दक्षिण अल्बर्टात १९९५ पासून दिसू लागलेला शेंगेतला सोंडकिडा परिसरातल्या पहिल्या फुलोऱ्यावर तुटून पडतो. तिथल्या शास्त्रज्ञांनी यातूनच वाट काढली. शेताच्या कडेचा पट्टा आधी फुलेल असा पेरायचा, सोंडकिडे तिथे गोळा होऊ द्यायचे आणि फवारा फक्त त्या पट्ट्यावर मारायचा. कापसाच्या कडेने भेंडी आणि झेंडू लावणाऱ्या काकांना हे ऐकताच आपल्या माणसाशी बोलल्यासारखं वाटलं. चौकोनी ठिपक्याच्या पतंगाचं प्रकरण तर दोन वाक्यांत संपलं. तो दरवर्षी दक्षिणेकडून वाऱ्यावर येतो, त्याला नांगर काय आणि धसकट काय.

शेवटी काका त्यांच्या खऱ्या आक्षेपावर आले.

काका : तुमचं हे पेरणीचं बी निळं का आहे?

पुतणी : कीटकनाशकाचा लेप आहे. पेरणीनंतर सुमारे तीन आठवडे रोपाला राखतो.

काका : म्हणजे तू जे दाटी, टपोरं बी, ओळींचं अंतर, धसकटं सांगितलंस, ते इथला शेतकरी करतो की हा निळा लेप त्याच्या वतीने करतो?

पुतणी : बहुतेक ठिकाणी लेपच. जवळजवळ सगळं बी लेप लावूनच विकलं जातं. भुंगेरे आहेत की नाहीत, कुणी बघत नाही.

काका : मग पद्धती विसरल्या जाणार. लेप गेला त्या दिवशी काय करणार?

पुतणी : ब्रिटनमध्ये ते झालंय. युरोपात २०१३ च्या अखेरीस रेपसीडच्या बियाण्याला ही औषधं लावण्यावर बंदी आली. ब्रिटनमधला उडद्या वेगळा, शरदात येतो, त्याच्या अळ्या देठात हिवाळाभर राहतात. २०१२ मध्ये सात लाख हेक्टरांच्या वर असलेलं तिथलं रेपसीड २०२१ पर्यंत तीन लाखांवर आलं. मग लोक उंच धसकटांत पेरू लागले, सोबत दुसरी पिकं घालू लागले, तारखा बदलू लागले. इथेही पिवळ्या पट्ट्यांचा उडद्या या लेपाला कमी दाद देतो, शिवाय काळ्याच्या आधी बाहेर पडतो, आणि त्याचा पसारा वाढतो आहे. हे मला रात्री झोपू देत नाही. पण लेप उद्या काढून टाका असं मी कुणाला सांगू शकत नाही. एका खराब आठवड्यात शेत पुन्हा पेरावं लागतं, आणि ते कर्ज मी फेडणार नसते.

इथे मी काकांच्या बाजूला आहे. मशागतीचं ज्ञान दरवर्षी वापरलं तरच टिकतं. पंचवीस टक्के पान खाल्लं गेलं की मगच फवारायचं, हा इथला मापदंड चांगला आहे. पण तो पाळायला शेतात उतरून, गुडघे टेकून पानं बघणारा माणूस लागतो. तो माणूस निळ्या लेपाने घरी बसवला, तर दाटीचा आणि धसकटांचा हिशोब कोण ठेवणार?

काका : एक कर. ज्याचं हे शेत आहे त्याला विचार. पुढच्या कॅनोलाच्या पेरणीआधी एक पट्टा वखरून घेऊ दे, शेजारचा तसाच राहू दे. दोन्हीकडे बी तेवढंच. उगवल्यावर दहा दिवसांनी दोन्हीकडची भोकं मोज.

पुतणी : अरुंद पट्टा असेल तर भुंगेरे इकडून तिकडे चालत जातील, काका. रुंद लागेल. आणि उतारावर मी वखर घालू देणार नाही. सपाटीवर, दोन-तीन ठिकाणी करू. दोन्हीकडे रोपंही मोजू, नाहीतर खाऊन संपलेलं रोप हिशोबातच येणार नाही.

काका : चालेल. पण तू भोकांवर थांबशील, ते तुझ्या सोयीचं आहे. माझी माशी जूनमध्ये येणार. कापणीच्या आधी दोन्ही पट्ट्यांतली झाडं उपट, मुळं धुऊन घे आणि फोटो पाठव. कुठल्या पट्ट्यातलं मूळ कुठलं, ते मात्र आधी सांगू नकोस.